खडकाला विचारून गाडी बोलवा

साडेसहा इंची बोअर शंभर मीटर खाली गेला, की जमिनीच्या पोटातून दोन घनमीटरांहून थोडा जास्त दगड बाहेर पडलेला असतो. वजन केलं तर साधारण पावणेसहा टन भरेल. हा दगड कुणी घमेल्यात भरून वर दिलेला नसतो, दोराने ओढलेला नसतो. एवढ्या पाषाणाचा भुगा करून त्याला वर फेकते ती नुसती हवा, आणि तेही एका दिवसाच्या आत. अंगणात गाडी उभी राहते, कानठळ्या बसतात, कौलांवर पांढरी धूळ साचते, आणि पाणी लागलं की नाही एवढंच सगळे विचारत राहतात. खाली काय घडून गेलं ते बघायचं राहूनच जातं.

हे यंत्र विलक्षण आहेच, पण चंद्रपूर-गडचिरोलीची जमीन त्याहून विलक्षण आहे. महाराष्ट्राच्या ऐंशी टक्के भूभागाखाली काळा बेसाल्ट आहे. पुण्यात, बीडमध्ये, बुलढाण्यात बोअर मारा, बहुतेक ठिकाणी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचेच थर लागतात. हा काळा पसारा पूर्वेकडे सरकत येतो आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात संपतो. वरोऱ्याच्या पश्चिमेला तो आहे, कोरपना-जिवतीच्या पठारावर आहे. तिथून पुढे जमिनीचा सगळा इतिहास उघडा पडतो. गडचांदूर आणि आवारपूरचे सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर उभे आहेत, ती प्राणी जन्माला यायच्या आधीच्या समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. घुग्गुस, बल्लारपूर, भद्रावतीच्या खाली गोंडवनी वालुकाश्म आणि कोळसा आहे. खाली सिरोंच्याकडे त्याच गोंडवनी खडकांत दगड झालेली झाडं सापडतात आणि वडधमला त्यांचं जीवाश्म उद्यान आहे. धानोरा, कुरखेडा, एटापल्ली आणि अलीकडे ब्रह्मपुरी-नागभीड-सिंदेवाहीच्या बऱ्याच भागात पायाखाली नाइस आणि ग्रॅनाइट आहे, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. आणि वर्धा, वैनगंगा, प्राणहिता यांच्या काठांनी कालपरवाचा म्हणावा असा गाळ आणि रेती.

म्हणून या दोन जिल्ह्यांत घरासाठी बोअर मारायचा, तर ‘चांगली गाडी कोणती’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. बल्लारपूरला जी गाडी योग्य, ती धानोऱ्याला कदाचित गरजेपेक्षा वेगळी ठरेल, आणि धानोऱ्यात तासाला वीस मीटर उतरणारी गाडी वैनगंगेच्या काठी पहिल्या दहा मीटरांतच अडकून बसेल. गाडीची निवड घराच्या आकारावरून किंवा गाडीवाल्याच्या ओळखीवरून करायची नसते. ती खडकावरून करायची असते.

आधी आपल्याकडे सर्रास येणाऱ्या गाडीचं काम समजून घेऊ. तिला डीटीएच (डाउन-द-होल) म्हणतात. यातला हातोडा वर, गाडीवर नसतो. तो भोकाच्या तळाशी, थेट बिटच्या डोक्यावर असतो. पूर्वी वरून ठोकायची पद्धत होती. वरून मारलेला प्रत्येक टोला लांबच लांब रॉडमधून खाली जाताना, एकेका सांध्यावर थोडी थोडी ताकद गमावायचा. जितकं खोल, तितका टोला दुबळा. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला आंद्रे स्टेनुइक या बेल्जियन अभियंत्याने हातोडाच खाली पाठवायची कल्पना प्रत्यक्षात आणली. तेव्हापासून शंभराव्या मीटरवरचा टोला पहिल्या मीटरवरच्या टोल्याइतकाच खणखणीत बसू लागला.

कॉम्प्रेसरची दाबलेली हवा पोकळ रॉडमधून खाली जाते. हातोड्यातला पिस्टन ती मिनिटाला हजाराहून अधिक वेळा बिटवर आपटवते. बिटच्या तोंडावर टंगस्टन कार्बाइडच्या गोल गुंड्या बसवलेल्या असतात. बिट सावकाश फिरत राहते, म्हणून प्रत्येक टोला दगडाच्या नव्या जागी बसतो. आणि काम झालेली तीच हवा बिटच्या भोकांतून बाहेर पडून दगडाचा चुरा उचलते आणि रॉडच्या भोवतीच्या पोकळीतून वर आणते. फोडणं आणि उपसणं, दोन्ही एकाच श्वासात.

या श्वासाचा वेग मात्र पुरेसा हवा. चुरा वर यायचा तर हवा सेकंदाला साधारण पंधरा मीटरने तरी वर चढली पाहिजे. 165 मिलिमीटरच्या म्हणजे साडेसहा इंची भोकात 89 मिलिमीटरचे रॉड असतील, तर हिशेब करून पाहा, मिनिटाला 480 घनफुटांच्या आसपास हवा लागते. रॉड 114 मिलिमीटरचे असतील तर पोकळी अरुंद होते आणि 355 घनफुटांतही तोच वेग मिळतो. कॉम्प्रेसर जुना, गळका, हवा कमी पडणारा असेल, तर चुरा वर न येता खालीच घोटाळत राहतो. बिट तोच चुरा पुन्हा पुन्हा दळत बसते, डिझेल जळतं, आणि एखाद्या वेळी हातोडा रुतून बसतो. गाडीवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा: कॉम्प्रेसर किती सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवेचा), किती पीएसआयचा, आणि रॉड केवढे?

पीएसआयचा, म्हणजे दाबाचा प्रश्न पाणी लागल्यावर सुरू होतो. भोकात साचलेलं पाणी स्वतःच्या वजनाने हवेला खाली दाबतं. दहा मीटर पाण्याचा दाब एका वातावरणाइतका, शंभर मीटरचा दहापट. तीनशे पीएसआयचा कॉम्प्रेसर साधारण वीस वातावरणांचा दाब देतो. म्हणजे शंभर मीटर पाण्याखाली गेल्यावर त्यातली निम्मी ताकद पाणी बाजूला सारण्यातच जाते. मोठ्या दाबाच्या गाड्यांचा खरा उपयोग इथे आहे. ज्या पाण्यासाठी आपण खाली जातो, तेच पाणी आपल्याला आणखी खाली जायला अडवतं, हे कळल्यापासून मला या यंत्राकडे बघताना वेगळंच कौतुक वाटतं.

अशा गाडीवरची नंबर प्लेट पाहिलीत कधी? ‘टीएन 34’ दिसली, तर ती तामिळनाडूच्या नामक्कल जिल्ह्यातल्या तिरुचेंगोडूची. या एका गावाच्या परिसरातून निघालेल्या बोअरच्या गाड्या भारतभर फिरतात. घरोघरी गाड्यांचे मालक, गल्लोगल्ली सुटे भाग आणि बिट परजणारे कारागीर असा तो गाव आहे. एटापल्लीच्या वाटेवर धूळ उडवत जाणारी गाडी हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून आलेली असू शकते, आणि तिच्यावर राबणारी पोरं आणखी वेगळ्याच राज्यातली.

कठीण खडकात झपाट्याने भोक पाडायची ही विद्या आपल्या खेड्यांत आली ती दुष्काळामुळे. 1967च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने हवेच्या दाबावर चालणाऱ्या रिग परदेशातून भारतात आणल्या. पुढे महाराष्ट्रात 1972चा दुष्काळ पडला, आणि त्याच साली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. त्या काळात बोअर पडायचे, पण त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप महिन्याभरात मोडायचे, कारण ते मुळात एका कुटुंबासाठी बनवलेले होते आणि गावभर लोक त्यावर पाणी भरायचे. त्यावर उत्तर शोधलं जालन्यात आणि सोलापुरात. तिथे तयार झालेल्या पोलादी पंपांतूनच, विशेषतः सोलापूर पंपावरून, 1970च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडला. आज आफ्रिकेतल्या गावांतही तो चालतो. जगाला पाणी पाजणाऱ्या पंपाचं मूळ आपल्या राज्यात आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

आता आपल्या खडकांकडे वळू. सगळ्यात आधी नाइस आणि ग्रॅनाइट, कारण गडचिरोलीचा बराचसा भाग त्यावरच उभा आहे.

हा खडक स्वतः पाणी धरत नाही. त्याच्या कणांमध्ये पोकळी जवळजवळ नाहीच. पण वरचे दहा-वीस मीटर लाखो वर्षांच्या पावसाने कुजून मुरूम झालेले असतात. त्याखालच्या अखंड पाषाणात भेगा असतात. मुरमाचा थर म्हणजे जमिनीखालचा मामा (माजी मालगुजारी) तलाव, आणि भेगा म्हणजे त्याचे पाट. पावसाचं पाणी साठतं मुरमात आणि वाहतं भेगांतून. बोअरला एखादी चांगली भेग लागली की वरच्या सगळ्या साठ्याशी नातं जुळतं; नाही लागली तर पन्नास फुटांवर शेजाऱ्याच्या बोअरला धो-धो पाणी असून आपला कोरडा. गावात याला नशीब म्हणतात. ते त्या भेगेच्या दिशेवर असतं.

खोल गेलं की वरच्या खडकाचं वजन वाढतं आणि भेगा मिटत जातात. कामाच्या बहुतेक भेगा पहिल्या शंभर मीटरांतच असतात. त्यामुळे नाइसमध्ये ‘अजून शंभर फूट जाऊ’ हा सल्ला ऐकताना सावध राहावं. बोअरचा दर फुटावर असतो, आणि अनेक ठिकाणी खोलीबरोबर तो वाढत जातो. दीडशे मीटरवर कोरडा असलेला बोअर तीनशेवर भरून वाहील, अशी आशा या खडकात फार थोड्यांची फळते.

या खडकासाठी डीटीएच हीच गाडी. चुऱ्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. बाहेर पडणाऱ्या दगडाच्या चुऱ्यात खालची सगळी हकिकत असते. स्वच्छ, पांढरट-गुलाबी, ताज्या फुटलेल्या कडांचे कण येत असतील, तर हातोडा अखंड पाषाणात आहे. कणांवर तांबूस-तपकिरी डाग दिसले, की समजायचं, इथून पाणी वाहिलंय. लोहाचा गंज वाहत्या पाण्याशिवाय चढत नाही. एखाद्या भेगेने हजारो वर्षं जपलेली पाण्याची खूण मूठभर चुऱ्यातून आपल्या तळहातावर येते! दर तीन मीटरला मूठभर चुरा कागदाच्या पुडीत बांधून त्यावर खोली लिहावी. चालकाला याचा त्रास होत नाही, आणि पुढे पंप किती खोलीवर सोडायचा हे त्यावरून कळतं.

चंद्रपूर, भद्रावती, बल्लारपूरकडे गोष्ट उलटी. गोंडवनी वालुकाश्म, त्यातही कामठीचा भरड, तांबडा वालुकाश्म, स्वतःच पाणी धरतो. इथे भेगेची वाट बघावी लागत नाही. थर लागला की पाणी लागतं. पण हा खडक जागोजागी इतका मऊ असतो, की हवेच्या झोताने भोकाच्या भिंती ढासळतात. नदीकाठच्या गाळात तर भोक उभंच राहत नाही. अशा ठिकाणी रोटरी रिग लागते. ती ठोकत नाही, फिरवून खरवडते, आणि हवेऐवजी बेंटोनाइटचा चिखल फिरवते. हा चिखल चुरा वर आणतो आणि आपल्या वजनाने भिंतींना आतून आधारही देतो. मग त्यात चिरा पाडलेला पाइप सोडतात, भोवती बारीक गोटे भरतात, आणि चिखल धुऊन काढतात. काम सावकाशीचं असतं आणि खर्चही जास्त. पण रेतीत डीटीएचने मारलेला बोअर पहिल्याच पावसाळ्यात बुजल्यावर होणारं नुकसान त्याहून मोठं. हवा आणि चिखल दोन्ही चालवणाऱ्या ‘कॉम्बिनेशन’ रिग असतात. वर गाळ आणि खाली पाषाण अशी जागा असेल तर अशीच गाडी शोधावी. कोळसा खाणींच्या जवळ आणखी एक काळजी घ्यावी लागते. खाण कोरडी ठेवायला पाणी सतत उपसावं लागतं, आणि त्या उपशाने आजूबाजूची पातळी खाली ओढली जाते. तिथे आजच्या पातळीवर विसंबून खोली ठरवू नये.

चुनखडीचं तंत्र निराळं. पावसाचं किंचित आम्ल पाणी चुनखडीला विरघळवत जातं आणि आत पोकळ्या करतं. पोकळी लागली तर पाणी भरपूर, पण हवा तिच्यातच हरवते, चुरा वर येत नाही, आणि रॉड अचानक सुटल्यासारखे खाली जातात. इथे अनुभवी चालक हीच खरी निवड, यंत्र दुय्यम. बेसाल्टबद्दल जास्त लिहीत नाही, उरलेला महाराष्ट्र त्याला ओळखतो. दोन लाव्हा थरांमधला सच्छिद्र भाग पाणी देतो आणि साधी डीटीएच गाडी पुरते.

एवढं सगळं झाल्यावर मूळ प्रश्न: घराला पाणी लागतं तरी किती? जल जीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर आहे. पाच जणांचं घर धरलं तर 275 लिटर. गाई-बैल, परसातली वांगी-मिरच्या धरून हजार लिटर म्हणा. आता बोअरचं पाणी मोजतात ते बघा. पत्र्याला काटकोनी खाच पाडून त्यातून पाणी वाहू देतात आणि खाचेतल्या पाण्याची उंची मोजतात. ‘एक इंची’, ‘दोन इंची’ पाणी म्हणतात ते असं. या मापातली गंमत अशी, की दोन इंच म्हणजे एका इंचाच्या दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून जास्त! एक इंच म्हणजे तासाला साधारण पाचशे लिटर. दोन इंच म्हणजे जवळजवळ 2900. चार इंच म्हणजे सोळा हजारांच्या पुढे. घराची गरज एक इंचात दोन तासांत भागते. तरीही लोक एक इंच पाणी लागलेला बोअर ‘फेल’ म्हणून सोडतात आणि आणखी दोनशे फूट जातात, याचं मनापासून वाईट वाटतं. एका इंचावर थांबा, छोटा पंप बसवा, वर टाकी ठेवा.

टाकी कशासाठी, तर बोअर म्हणजे साठा नव्हे. साडेसहा इंची बोअरच्या एका मीटरमध्ये फक्त 21 लिटर पाणी मावतं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीच्या एका मीटरमध्ये 28 हजार लिटर. ज्या गावात मुरमाचा थर जाड आहे आणि उन्हाळ्यातही पाणी दहा मीटरांच्या आत असतं, तिथे मी बोअरच्या गाडीऐवजी विहिरीचीच बाजू घेईन. वरोऱ्याच्या खडकाळ जमिनीवर बाबा आमटे आणि त्यांच्या सोबतच्या कुष्ठरुग्णांनी आनंदवन उभारायला घेतलं, तेव्हा त्यांनी आधी हाताने विहीरच खणली होती. जुनी विहीर आटत असेल तर तिच्या तळातून उभा किंवा आडवा बोअर घेता येतो. त्याला इनवेल बोअर म्हणतात, त्यासाठी विहिरीत उतरवता येणारं लहान यंत्र पुरतं. भेग बोअर शोधतो, साठा विहीर करते. नाइसच्या मुलखात यासारखी जोडी नाही.

यंत्र निवडताना वाटही बघावी लागते. मोठी रिग ट्रकवर असते, सोबत रॉड आणि डिझेल घेऊन दुसरी गाडी येते. गडचिरोलीचा जवळजवळ सत्तर टक्के भूभाग जंगलाचा. अरुंद रपटे, वेड्यावाकड्या वळणांचे घाट, टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, पाच-दहा घरांपर्यंत जाणारी पायवाट. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की संपर्कच तुटतो. अशा ठिकाणी ट्रॅक्टरवर बसवलेली लहान रिग परवडते. ती शंभर मीटरपर्यंत जाऊ शकली तरी घरासाठी पुष्कळ झालं, आणि शेताच्या बांधावरून तिला आत नेता येतं. बोलावण्याची वेळ फेब्रुवारी ते मे. उन्हाळ्याच्या शेवटी लागलेलं पाणी भरवशाचं असतं. पावसाळ्यात लागलेलं पाणी फसवू शकतं. जमीन वनविभागाची असेल तर तिथे बोअर घेता येत नाही, पण गावाच्या सामुदायिक पिण्याच्या पाण्याची वाट 2006च्या वनहक्क कायद्याने मोकळी ठेवली आहे. ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन त्यासाठी मिळू शकते.

आणि जागा? गावोगावचे पाणाडे उंबराची फांदी किंवा नारळ घेऊन जागा दाखवतात. फांदी पाण्यामुळे हलते याला शास्त्राचा आधार मिळालेला नाही. पण अनुभवी पाणाड्याच्या डोळ्यांना मी कमी लेखणार नाही, कारण झाडं खरंच बोलतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजलावर अख्खा अध्याय आहे. जांभूळ, उंबर, अर्जुन आणि त्यांच्याजवळची वारुळं यांवरून पाणी कुठे, किती खोल, याचे ठोकताळे त्यात दिले आहेत. सपाट माळावर एका ओळीत वाढलेली हिरवी झाडं अनेकदा खालच्या भेगेची रेघ दाखवतात. तीच रेघ आज उपग्रहाच्या चित्रात दिसते. मग जमिनीत चार सळया रोवून वीज सोडतात आणि खडकाचा विरोध मोजतात. ओला, भेगाळ भाग वीज सहज जाऊ देतो. चिकणमातीही तसंच करते, म्हणून आकडे वाचायला भूवैज्ञानिक लागतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची कार्यालयं चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे आहेत. गाडीवाल्याला फोन करण्याआधी तिथे जाऊन आपल्या गावाचा नकाशा बघावा.

खोल जाण्याबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते खडकातूनच येतं. पाणी खडकात जितका जास्त काळ मुरतं, तितकं ते जास्त विरघळतं. म्हणून खोल बोअरचं थंड, नितळ, चवीला गोड पाणी उथळ विहिरीच्या पाण्यापेक्षा धोक्याचं असू शकतं. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणतं, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं वाकवतं. डोळ्यांना, जिभेला, नाकाला ते कळत नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. बोअर झाल्यावर पिण्याआधी पाणी तपासून घ्या. पोरांच्या हाडांशी खेळ नको.

कायद्यानेही काही गोष्टी लावून दिल्या आहेत. महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमात साठ मीटरहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानलं आहे आणि रिगच्या मालकाला नोंदणी लागते. हरियाणात 2006मध्ये प्रिन्स नावाचा पोरगा उघड्या बोअरमध्ये पडला, त्याला वाचवताना सारा देश टीव्हीसमोर बसला होता. अशा घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये नियम घालून दिले. बोअरच्या पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं, भोवती कुंपण घालायचं, केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात उतरवलेल्या पाइपाभोवती, सिमेंटचा ओटा बांधायचा, तोंडावर लोखंडी झाकण बसवायचं, आणि कोरडा निघालेला बोअर तळापासून वरपर्यंत भरून टाकायचा. कोरड्या बोअरवर नुसतं पोतं टाकून माणसं घरी जातात, हे मी अजूनही बघतो आणि अंगावर काटा येतो.

केसिंगवर पैसे वाचवू नका. मुरूम संपून घट्ट खडक लागेपर्यंत ते गेलंच पाहिजे, खडकात फूट-दोन फूट रुतलं पाहिजे, आणि बाहेरची फट सिमेंटने किंवा चिकणमातीने बंद केली पाहिजे. नाहीतर शौचालयाच्या खड्ड्याचं पाणी त्याच फटीतून बोअरमध्ये उतरतं. शोषखड्डा बोअरपासून निदान पंधरा मीटर दूर हवा. आणि गाडीवर काम करणाऱ्या पोरांना तोंडाला बांधायला ओला फडका द्या, जमलं तर चांगला मास्क. नाइसच्या त्या पांढऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही. आपल्या घरात पाणी यावं म्हणून दूरच्या गावाहून आलेलं पोरगं ही धूळ खातं. फेस सोडून चुरा ओला ठेवायला सांगितलं तर धूळ निम्म्याने तरी बसते, आणि बहुतेक चालक ऐकतात.

गाडी अंगणात आली की एक माणूस फक्त मोजायला उभा करा. रॉड किती लांबीचे, किती गेले, केसिंगचे किती पाइप उतरले, पहिला ओलावा किती फुटांवर आला, पाणी कुठे वाढलं, शेवटी किती इंच भरलं. हे एका कागदावर लिहून, चुऱ्याच्या पुड्यांसोबत घराच्या कागदपत्रांत ठेवा, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. शेजारच्या घराला उद्या बोअर घ्यायचा असेल, तेव्हा तुमच्या गावाखालच्या खडकाची माहिती देणारा तो एकमेव कागद असेल.